काखेत कळसा आणि सहलीला म्हैसूर

दसऱ्याची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरली, की आवारात एकच चर्चा सुरू होते. यंदा सहल कुठे? मुले अंदाज बांधू लागतात, पालक वर्गणीचा आकडा ऐकून मनातल्या मनात हिशेब मांडतात आणि शिक्षकांच्या खोलीत गेल्या वर्षीचाच कागद पुन्हा टेबलावर येतो. म्हैसूर, श्रीरंगपट्टण, उटी. नाही तर गोवा. नाही तर पाण्याच्या घसरगुंड्या असलेली एखादी बाग. मग बस ठरते, बी.ई.ओ. ऑफिसची परवानगी येते, आणि डिसेंबर-जानेवारीत तीन रात्री बसमध्ये अवघडून झोपलेली मुले एका पहाटे शाळेच्या फाटकाशी उतरतात. "काय पाहिलेस?" असे विचारले तर उत्तर येते, "खूप काही." त्यापुढे फारसे सांगता येत नाही.

या सहलींना माझा विरोध नाही. म्हैसूरचा राजवाडा पाहण्यासारखाच आहे. परंतु दरवर्षी तेच का, आणि पाचशे किलोमीटरहून लांबच का, हा प्रश्न पालक म्हणून मला पडतो. आपल्या संस्थेच्या बेळगाव आणि निपाणी या दोन्ही भागांतल्या शाळांतील मुलांच्या घरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर सह्याद्रीचे घनदाट जंगल आहे, धरणांचे जलाशय आहेत, नद्यांचे उगम आहेत. तिकडे आपण मुलांना नेतो का? नेलेच तर दुपारच्या डब्यापुरते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. आणि कणकुंबीजवळच्या ज्या ओढ्यावरून इतकी वर्षे वाद चालू आहे, त्याचे नावही कळसाच आहे, हे आपल्या किती मुलांना ठाऊक असेल?

म्हणून माझे मत स्पष्टच मांडतो. यंदा आठवी-नववीच्या मुलांची एक सहल अशी असावी, की ती एकाच जागी दोन रात्री मुक्काम करील. जंगलाच्या कडेला, साध्या खोल्यांत किंवा लाकडी खोपटांत. आणि त्या सहलीची आखणी मुलांनीच करावी. शिक्षकांनी आणि आपण पालकांनी फक्त लक्ष ठेवावे.

आपण ज्याचे पाणी पितो, ते रान

बेळगाव शहराला राकसकोपच्या जलाशयातून पाणी येते. तो जलाशय मार्कंडेय नदीवर आहे. पुढे हिडकलचे पाणी येऊ लागले, ते घटप्रभेचे. या दोन्ही नद्यांचे पाणी पश्चिमेकडच्या डोंगरातून येते. मलप्रभा तर आपल्या खानापूर तालुक्यातच, कणकुंबीला माउलीच्या देवळापाशी उगम पावते, हब्बनहट्टीच्या मारुतीपाशी खडकांतून वाहते, खानापूरवरून पुढे सौंदत्तीच्या धरणाकडे जाते आणि शेवटी कुडलसंगमला कृष्णेला मिळते. तिथून थोड्याच अंतरावर, भीमगडच्या जंगलात देगावजवळ म्हादई उगम पावते. ती मात्र पश्चिमेला वळते, गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्राला मिळते.

एका टापूत पडलेल्या पावसाचे दोन थेंब. एक बंगालच्या उपसागराला जातो, दुसरा अरबी समुद्राला. जलविभाजक हा शब्द भूगोलाच्या पुस्तकात असतो, मुले तो पाठ करतात आणि पेपर संपला की विसरतात. कणकुंबीच्या माळावर उभे करून हाताने दोन्ही दिशा दाखवल्या, तर तो शब्द जन्मात विसरणार नाहीत. म्हादईच्या पाण्यावरून तीन राज्यांचा तंटा लवादापुढे गेला, २०१८ साली निकाल आला, त्यावरही वाद संपला नाही. वर्तमानपत्रात हे रोज वाचणाऱ्या घरातल्या मुलाने ते पाणी एकदा तरी डोळ्यांनी पाहावे, एवढी अपेक्षा फार नाही.

निपाणीकडच्या मुलांचेही तसेच आहे. त्यांच्या भागातली वेदगंगा पाटगावच्या धरणाकडून येते आणि दूधगंगा काळम्मावाडीकडून. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा सगळ्यांच्या तोंडी धरणांची नावे होती. पण ते पाणी कुठल्या डोंगरावरून उतरते, तिथे रान किती आहे, हे पाहायला कोणी गेले नाही. निपाणीहून देवगडच्या रस्त्याने मुदाळतिट्टा, राधानगरी करत दोन-अडीच तासांत दाजीपूर गाठता येते. गव्यांसाठी राखलेले हे जंगल १९५८ सालापासून अभयारण्य आहे, आणि पुढे वाढत जाऊन राधानगरी अभयारण्य सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे झाले. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारशाचा मान दिला, त्यात राधानगरी आहे. भोगावतीवरचे राधानगरीचे धरण ही तर शाहू महाराजांची दूरदृष्टी. परदेशातले पाहुणे हे बघायला येतात आणि आपली मुले तिथून तासा-दोन तासांवर राहून उटीला जातात.

मुक्कामच का?

कोणी म्हणेल, मग सकाळी जाऊन संध्याकाळी परत या. मुक्कामाची कटकट कशाला? याचे उत्तर असे, की जंगल दुपारी बारा वाजता काहीच दाखवत नाही. ते दाखवते पहाटे आणि तिन्हीसांजेला. धनेश पक्षी पंखांचा फडफडाट करीत डोक्यावरून जातो तो सकाळी. गवे पाण्यावर उतरतात ते ऊन कलल्यावर. शेकरू झाडाच्या शेंड्यावरून ओरडते, पण चाळीस मुलांच्या गलक्यात ते ऐकू येत नाही. त्यासाठी पहिल्या संध्याकाळचा गोंगाट ओसरून मुलांना शांत बसण्याची सवय व्हावी लागते, आणि त्याला एक रात्र जावी लागते.

आकाशाचेही तसेच. टिळकवाडीत किंवा निपाणीच्या बाजारपेठेत राहणाऱ्या मुलाने काळोख पाहिलेलाच नाही. अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडले, तर नोव्हेंबरात रात्री कृत्तिकांचा झुबका, रोहिणी आणि उशिरा वर येणारे मृग नक्षत्र उघड्या डोळ्यांनी ओळखता येते. आपल्या आज्या ज्यावरून रात्रीचा प्रहर सांगत, ते आकाश अजून तिथेच आहे.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मुले एकत्र राहतात तेव्हा जे शिकतात, ते वर्गात शिकवता येत नाही. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडच्या ब्राऊनसी बेटावर वीसेक मुलांना घेऊन आठवडाभर तंबूत मुक्काम केला. त्या मुलांत श्रीमंत शाळांतली मुले होती आणि कष्टकऱ्यांचीही होती. सगळ्यांनी एकच काम केले, एकच जेवण जेवले. आज जगभर पसरलेली स्काउटची चळवळ त्या मुक्कामातून उभी राहिली. आपल्या शाळेतही स्काउट आणि गाईड आहेत, पण त्यांचा गणवेश झेंडावंदनालाच दिसतो.

आपल्या शाळेत खानापूर आणि चंदगड भागातल्या खेड्यांतून आलेली मुले आहेत. नातेवाइकांकडे किंवा वसतिगृहात राहून ती शिकतात. वर्गात बऱ्याचदा गप्प असतात. इंग्रजीचा धडा वाचायला सांगितला, की मान खाली घालतात. पण याच मुलांना कुठल्या झाडाचा चीक अंगाला लागू द्यायचा नाही, गवा समोर आला तर काय करायचे, पायवाटेवर सापाची चाहूल कशी घ्यायची, हे माहीत असते. मुक्कामाच्या त्या दोन दिवसांत शहरातली मुले त्यांच्या मागे चालतील. एखाद्या मुलाला वर्षभरात एकदा तरी आपल्याजवळचे ज्ञान उपयोगी पडताना दिसावे, यापेक्षा मोठे शिक्षण कोणते?

सहलीला न जाणाऱ्यांचा वर्ग

वर्गणीचा विषय कोणी उघड बोलत नाही, म्हणून मीच बोलतो. लांबच्या सहलीची वर्गणी भरणे सगळ्यांना जमत नाही. प्रत्येक वर्गात काही मुले "मला जायचंच नाही" असे सांगतात. त्यांतल्या काहींना खरेच जायचे नसते. बाकीच्यांना घरची परिस्थिती ठाऊक असते आणि आई-वडिलांना अडचणीत टाकायचे नसते. सहल जाते, आणि ही दहा-बारा मुले अर्ध्या रिकाम्या वर्गात बसून खिडकीतून मैदान बघतात. बस परत आल्यावर आठवडाभर जे किस्से चालतात, त्यांत त्यांना जागा नसते.

सहलीचा मोठा खर्च बसच्या किलोमीटरचा असतो. ते किलोमीटर कमी झाले आणि स्वयंपाक आपणच केला, तर वर्गणी निश्चितच उतरते. उरलेली तूट भरायला माजी विद्यार्थी आणि व्यापारी मंडळी पुढे येतील अशी मला खात्री आहे, कारण अशा कामाला आपल्या गावाने कधी नाही म्हटलेले नाही. मात्र एक अट असावी. कुणाला सवलत दिली हे वर्गशिक्षकांशिवाय कोणालाही कळता कामा नये.

भीती खरी आहे

आता सर्वांच्या मनातल्या प्रश्नाकडे येतो. सुरक्षिततेचे काय?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या एका महाविद्यालयातून सहलीला गेलेले आठ जण बुडाले. त्या दिवशी आपल्या शहरातल्या अनेक घरांत चूल पेटली नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात चंदगड तालुक्यातल्या किटवाडच्या धबधब्यावर बेळगावच्या चार मुली गेल्या. २०२४ च्या डिसेंबरात मुरुडेश्वरच्या किनाऱ्यावर कोलार जिल्ह्यातल्या एका शाळेच्या चार मुली सहलीतच दगावल्या. अशी बातमी आली, की काही दिवस सहली बंद करा अशी मागणी होते, परिपत्रके निघतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तशाच घाईच्या सहली निघतात.

या तिन्ही बातम्या नीट वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. जीव घेतला तो पाण्याने. वाघाने, सापाने किंवा अंधाराने नव्हे. दिवसाला चार-पाच ठिकाणे उरकायची असतात, मुलांना पाणी दिसते, "पाचच मिनिटे" म्हणून सोडले जाते आणि कोणाची मोजदाद राहत नाही. एकाच जागेचा मुक्काम यापेक्षा सुरक्षित होऊ शकतो, कारण तिथे घाई नसते आणि जागा आधी पाहून ठेवता येते. पण त्यासाठी एक नियम दगडावरच्या रेघेसारखा पाळावा लागेल. पाणी बघायचे, पाण्यात उतरायचे नाही. जलाशयात नाही, डोहात नाही, धबधब्याखाली नाही, गुडघाभर ओढ्यातही नाही. धरणाचा काठ उथळ वाटतो आणि पुढच्या पावलाला गाळात पाय रुततो. शेवाळलेला खडक पोहणाऱ्यालाही सोडत नाही. या नियमाला शिक्षकांसाठीही अपवाद नको, कारण सर उतरले की मुले उतरणारच.

सहल बंद करणे हा उपाय नाही, असे मला वाटते. आज आपण नेले नाही, तर हीच मुले चार वर्षांनी मोटारसायकलवर मित्रांबरोबर आंबोलीला आणि तिलारीला जाणार आहेत. तेव्हा त्यांच्याबरोबर ना शिक्षक असतील, ना नियम. पाण्याशी आणि रानाशी कसे वागायचे, हे त्यांना आधीच कोणीतरी शिकवायला हवे, आणि ते शाळेनेच शिकवावे.

आखणी अशी करावी

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. जानेवारी सोडून नोव्हेंबरचा मध्य धरावा. पाऊस ओसरलेला असतो, जळवा कमी झालेल्या असतात, ओढ्यांना पाणी असते आणि रान हिरवे असते. याला आरोग्याचेही कारण आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप गोचिडीच्या चाव्यातून होतो. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात तो आढळला, म्हणजे तो आपल्या शेजारीच आहे. डिसेंबरपासून मेपर्यंतच्या कोरड्या दिवसांत त्याचा धोका अधिक असतो. म्हणून लवकर जावे, आणि जाण्यापूर्वी त्या भागात साथ आहे का, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. साथ असेल तर जागा बदलावी. पूर्ण बाह्यांचे कपडे, मोज्यात खोचलेली पँट, पाचोळ्यावर बसायचे नाही, रोज संध्याकाळी अंग आणि कपडे तपासायचे, मेलेले माकड दिसले तर लांब राहून वनरक्षकाला कळवायचे. एवढे पाळणे अवघड नाही.

दुसरी गोष्ट जागा. बेळगावच्या मुलांसाठी जांबोटी-कणकुंबी-चोर्ला रस्त्यालगत मुक्कामाच्या खासगी जागा आहेत. थोडे लांब चालत असेल तर दांडेलीच्या पुढे कुळगीला कर्नाटक वन विभागाचे निसर्ग शिबिर आहे, ते मुलांच्या गटांना सोयीचे आहे. ते जंगल म्हणजे २००७ साली दांडेली आणि अणशी मिळून झालेला व्याघ्र प्रकल्प, २०१५ पासून त्याला काळी नदीचे नाव आहे. निपाणीच्या मुलांसाठी दाजीपूर आहेच. जागा कोणतीही असो, फोनवरून ठरवू नये. उंटावरून शेळ्या हाकता येत नाहीत. दोन शिक्षक आणि दोन पालक, त्यांत एक तरी आई, असे चौघांनी आधी तिथे एक रात्र राहून यावे. मुलींच्या खोल्यांना आतून कडी आहे का? स्वच्छतागृह खोलीला लागून आहे की रात्री बाहेर जावे लागते? रात्रपाळीला कोण असते? पाणी पिण्याजोगे आहे का? जलाशयाचा काठ खोलीपासून किती पावलांवर आहे? मोबाइलची रेंज कुठपर्यंत आहे? सर्पदंशावरचे औषध असलेला जवळचा दवाखाना कोणता आणि तिथे पोचायला प्रत्यक्ष किती वेळ लागतो? ही सारी उत्तरे कागदावर लिहून पालक सभेत वाचून दाखवावीत. मुलीला पाठवायला तयार नसलेल्या आईची समजूत भाषणाने पटत नाही, अशा कागदाने पटते.

तिसरी गोष्ट परवानगी. अभयारण्यात शिरायला परवानगी लागते, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने वन्यप्राण्यांच्या अभ्यासासाठी ती मागता येते. अर्ज मुलांनीच लिहावा. आपल्या बाजूला तो कन्नडमध्ये द्यावा लागेल, तर कन्नडच्या सरांना बरोबर घेऊन मुलांनी तो लिहावा. एरवी दहा गुणांसाठी लिहिलेले पत्रलेखन या वेळी खऱ्या साहेबाच्या टेबलावर जाईल आणि त्याचे खरे उत्तर येईल. शेकोटीची हौस सगळ्यांनाच असते, पण अभयारण्यात विस्तवाला मनाई असते. वन विभागाने जागा नेमून दिली तरच, नाही तर शेकोटीविना. लाऊडस्पीकर तर घरीच ठेवावा.

चौथी गोष्ट जेवण आणि सामान. हे पूर्णपणे मुलांवर सोपवावे. चाळीस मुले आणि पाच मोठी माणसे, माणशी शंभर ग्रॅम तांदूळ धरला तर एका वेळेला साडेचार किलो. डाळ माणशी चाळीस ग्रॅम, म्हणजे एक किलो आठशे. पिण्याचे पाणी माणशी दिवसाला तीन लिटर, म्हणजे एकशे पस्तीस लिटर. त्रैराशिक याहून चांगले कुठे शिकायचे? पहिल्या दिवसासाठी घरून दशम्या, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. मधल्या वेळेला भडंग. पुड्यांतले खाऊ नकोत, कारण जेवढे नेले तेवढे सगळे परत आणायचे आहे, कागदाचा कपटासुद्धा. येताना कचऱ्याचे पोते वजन करून शाळेत आणावे, म्हणजे आपण रानात काय ठेवून आलो असतो ते मुलांनाच दिसेल.

पाचवी गोष्ट माणसे. दहा मुलांमागे एक मोठा माणूस, आणि मुलींबरोबर शिक्षिका. मुलांच्या जोड्या लावाव्यात, शहरातला एक आणि खेड्यातला एक अशा. दर दोन तासांनी जोडीने हजेरी. आजारी मुलांची औषधे नाव लिहून एका शिक्षिकेकडे. बस मुक्कामाच्या जागीच उभी राहील आणि चालक तिथेच झोपेल, हे ठरवतानाच लिहून घ्यावे. रात्री गाडी हाताशी असणे हाच खरा दवाखाना.

रान म्हणजे नुसता देखावा नव्हे

शेवटी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झाले, सुमारे १९० चौरस किलोमीटरचे. त्याच्या पोटात देगाव, गवाळी, आमगाव, कोंगळा, तळेवाडी, कृष्णापूर अशी गावे पिढ्यान्पिढ्या आहेत. त्यांची बोली आपलीच आहे. पावसाळ्यात ओढे भरले, की आजारी माणसाला खांद्यावरून वाहून आणावे लागते. जंगलाच्या नियमांमुळे रस्ता आणि पूल होत नाहीत, आणि जंगल राखायचे तर नियम हवेतच. २०२५ साली तळेवाडीतल्या कुटुंबांच्या स्वेच्छा पुनर्वसनाला सुरुवात झाली. ज्या तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत १९१२-१३ च्या सुमारास एक दुर्मिळ वटवाघूळ शास्त्रज्ञांना प्रथम सापडले, आणि जे पुढे कित्येक दशके जगात दुसरीकडे कुठे माहीतच नव्हते, तीच ही तळेवाडी. वटवाघूळ राखायचे की माणसाला रस्ता द्यायचा? याचे उत्तर सोपे नाही आणि मुलांना ते सोपे करून सांगूही नये.

गुहेत मुलांना नेण्याचे कारण नाही, त्या प्राण्यांना त्रास देऊ नये. पण मुक्कामाच्या दुसऱ्या संध्याकाळी आसपासच्या गावातल्या दोन जाणत्या माणसांना, एका आजीला आणि एका वनरक्षकाला बोलवावे. चौघांनाही मानाने बसवावे आणि मुलांनी प्रश्न विचारावेत. हत्ती आल्यावर भाताचे काय होते? बाळंतपणाला कुठे जाता? जंगल सोडून जावेसे वाटते का? वनरक्षकाची रात्र कशी जाते? दोन्ही बाजू एकाच बैठकीत ऐकल्या, की आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यामागे कोणाकोणाचे काय जाते ते मुलांना उमजेल. परतताना वाट थोडी वाकडी करून राकसकोपचा जलाशय दुरून दाखवावा आणि तिथूनच घरी यावे.

पालकहो, हा विषय येत्या पालक सभेत मांडावा अशी माझी विनंती मुख्याध्यापकांना आहे. सगळ्या शाळेची सहल लगेच बदला, असे माझे म्हणणे नाही. एका वर्गाची, एक वर्ष करून पाहू. जागा पाहायला जाणाऱ्या चौघांत मी माझे नाव आत्ताच देतो. माझ्याबरोबर एक आई आणि दोन शिक्षक मिळाले, तर दिवाळीच्या आधीच जाऊन येऊ आणि जे दिसेल ते, चांगले आणि वाईट दोन्ही, सभेत सांगू. त्यानंतर सभेने नको म्हटले तर म्हैसूर आहेच. ते कुठे पळून जात नाही.